दालम्यातला लसूण

सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांमागे चाळी आहेत. त्यांतल्या एका चाळीत उषाबाई चोवीस वर्षांपासून मेस चालवतात. मेस म्हणजे दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी, पडवीत दोन मोठ्या शेगड्या, आणि जेवायला येणारी अडतीस-चाळीस माणसं. माणसं सगळी ओडिशाची, बहुतेक गंजाम जिल्ह्यातली. उषाबाई मात्र दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे रोजची भाकरी. भात सणावाराला नाहीतर आजाऱ्याला. अशी बाई रोज वीस किलो तांदूळ शिजवते, याचं त्यांच्या गावाकडच्या लोकांना अजून नवल वाटतं.

सुरुवात त्यांनी ठरवून केली नव्हती. त्यांचे यजमान हिलाल आप्पा तेव्हा लूमवर होते. शेजारच्या लूमवर बैरागी नावाचा ओडिया मुलगा काम करायचा. तो ज्या मेसमध्ये जेवायचा ती बंद पडली आणि चार दिवस तो चहा-बिस्किटांवर राहिला. आप्पा त्याला घरी घेऊन आले. उषाबाईंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. बैरागीने अर्धी भाकरी कशीबशी गिळली आणि मान खाली घालून बसला. उषाबाईंनी उठून तांदूळ धुतले. दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन आला, महिन्याभरात सातजण झाले. सगळे त्यांना ‘माउसी’ म्हणू लागले. त्यांच्या भाषेत मावशीला तेच म्हणतात.

भात झाला, पण भातावर काय? त्यांना हवा होता दालमा. म्हणजे डाळ आणि भाज्या एकत्र शिजवून केलेलं एक कालवण, एवढंच उषाबाईंना कळलं. कसं करतात ते सांगणारं कोणीच नव्हतं, कारण त्या मुलांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. एकजण म्हणाला, कच्ची पपई घालतात. दुसरा म्हणाला, भोपळा. तिसरा म्हणाला, खोबरं असतं, पण दिसत नाही. बैरागीला विचारलं तर तो हातवारे करून म्हणाला, “आई असं वरून काहीतरी टाकते.” काय टाकते ते त्याला ठाऊक नव्हतं.

उषाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जमेल तसा दालमा केला. तुरीची डाळ, पपई, भोपळा, वांगं, शेंगदाण्याचं तेल. शेवटी हात आपोआप लसणाकडे गेला. लसणाची फोडणी नसलेलं वरण त्यांच्या लेखी बाळंतिणीचं किंवा तापकऱ्याचं. म्हणून त्यांनी पंधरा-वीस पाकळ्या ठेचल्या, लाल मिरच्या मोडल्या आणि चर्र आवाज करत फोडणी दिली.

मुलं जेवली. पातेलं रिकामं झालं. उषाबाईंनी बैरागीला विचारलं, “तुझ्या आईसारखा झालाय का रे?”

तो म्हणाला, “हो माउसी.” पण म्हणताना त्याने ताटाकडे पाहिलं, उषाबाईंकडे नाही.

ते त्याचं खाली बघणं उषाबाईंच्या मनात राहिलं. मेस वाढली, माणसं बदलली, काही गावी गेली ती परत आली नाहीत, बैरागीच्या डोक्याचे केस पांढरे झाले. दालमा मात्र तोच राहिला. तक्रार कुणी केली नाही. कधी मोठं पातेलं घासताना त्यांच्या मनात यायचं, आपण इतकी वर्षं या लोकांना खाऊ घालतोय ते नक्की काय आहे? विचारणार कुणाला? ओडिशाची बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. माणसं एकटी यायची, बायका गावीच राहायच्या.

यंदा जानेवारीत त्यांची सून धनश्री मोबाइल घेऊन पडवीत आली. धनश्री सुरतेतच जन्मलेली, शाळा गुजराती. सासूला ती मम्मी म्हणते. “मम्मी, अठवा लाइन्सच्या मैदानावर सरकारी मेळो लागला आहे. सगळ्या राज्यांतल्या सखी मंडळाच्या, म्हणजे बचत गटांच्या, बायका आल्यात. खाण्याचे स्टॉल आहेत. बघा, पंजाब, केरळ, बिहार, ओडिशा...”

“ओडिशाच्या बाया?” उषाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

आप्पा दारात भाज्या निवडत बसले होते. त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “माले एक डाव तठे जानं शे.”

उषाबाईंनी आपणहून कुठे जायचं म्हटल्याचं आप्पांना आठवत नव्हतं. ते म्हणाले, “मंग जाऊत.”

रविवारी दुपारची पंगत उठली की संध्याकाळी मेसला सुट्टी असते. त्या रविवारी भांडी आवरून तिघं निघाले. उषाबाईंनी लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी काढली होती. मुलगा ललित कामावर होता. तो म्हणाला होता, मला काहीतरी बांधून आणा.

मैदानात शिरल्यावर आधी कपडे, मातीची भांडी, लोणची, बांबूच्या टोपल्या असं बरंच काही होतं. उषाबाईंनी तिकडे फारसं पाहिलं नाही. धुराच्या आणि तळणाच्या वासाच्या दिशेने त्या सरळ चालत गेल्या. खाण्याच्या स्टॉलची लांब रांग होती आणि ओडिशाचा स्टॉल पार शेवटी. धनश्री म्हणाली, “आलोच आहोत तर चाखत चाखत जाऊ. एक प्लेट घ्यायची, तिघांनी खायची.”

पंजाबच्या बाईंनी मक्याची रोटी आणि सरसोंची भाजी दिली. उषाबाईंनी पहिला घास तोंडात धरून ठेवला, डोळे बारीक केले, मग गिळला. “भाजी चांगली घोटली आहे. पण यात पालक पण आहे,” त्या म्हणाल्या. स्टॉलवाली हसून म्हणाली, हो, थोडा असतो. बिहारच्या स्टॉलवर लिट्टी-चोखा होता. लिट्टी फोडून त्यांनी आतलं सातूचं सारण बोटाने चाचपलं, हुंगलं, आणि हिंदीतून विचारलं, “इसमें अचार का तेल डाला?” तिथल्या बाईने चकित होऊन मान डोलावली. धनश्रीला थोडी लाज वाटत होती. “मम्मी, बधा जुए छे,” ती हळूच म्हणाली. सगळे बघतायत. उषाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यांसाठी रांधणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातचं गरम खायला मिळत होतं, आणि एकेक घास त्यांना पुरा समजून घ्यायचा होता.

केरळच्या स्टॉलवर तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पुट्टू आप्पांना कोरडं वाटलं. मणिपूरच्या काळ्या तांदळाची खीर धनश्रीला इतकी आवडली की तिने वेगळी दुसरी वाटी घेतली. राजस्थानच्या बाट्या पाहून आप्पा म्हणाले, आपली बट्टी मऊ असते, ही दगड आहे. पण तूप ओतल्यावर त्यांनी दोन खाल्ल्या. महाराष्ट्राच्या स्टॉलवर थालीपीठ होतं. उषाबाई तिथल्या बायकांशी दोन शब्द बोलल्या, पण पाय थांबले नाहीत.

ओडिशाच्या स्टॉलवर तीन बाया होत्या. पुढे वाढायला उभी असलेली पंचेचाळीशीची, सडसडीत, नाकात दोन्ही बाजूंनी चमकी. तिचं नाव मिनती. मागे एक वयस्कर बाई पिठे नावाचे तांदळाचे गोड वडे तळत होती आणि तिसरी द्रोण लावत होती. मोठ्या पातेल्यात पिवळा दालमा होता.

“एक दालमा-भात,” धनश्री म्हणाली.

मिनतीने पानाच्या द्रोणात भात घातला, वर दालमा, वर चमचाभर तूप. मग एका डब्यातून तपकिरी पूड चिमटीत घेऊन वरून भुरभुरली. उषाबाई ती चिमूट पाहत राहिल्या. बैरागी जे हातवारे करून दाखवायचा, ते हे होतं.

त्यांनी घास घेतला. भाजलेल्या जिऱ्याचा आणि मिरचीचा वास आधी आला. मग भोपळ्याचा गोडवा, कच्चं केळं, शेवगा, खोवलेला नारळ. डाळ हलकी, पोटात सहज उतरेल अशी. लसूण कुठेच नव्हता. कांदाही नाही. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. तिघांत एक प्लेट हा नियम त्या विसरल्या.

आप्पांनी विचारलं, “काय व्हयनं?”

“काही नही,” उषाबाई म्हणाल्या. आणखी एक घास घेऊन म्हणाल्या, “आपला न्यारा शे. यासना न्यारा.”

त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मिनतीला वाटलं, आवडलं नाही. तिने मोडक्या हिंदीत विचारलं, “कसा लागला, दीदी?”

“फार चांगला. लसूण नाही टाकत तुम्ही?”

मिनती हसली. “दालम्यात लसूण? आम्ही तर ठाकुरांना, देवाला, याचा भोग चढवतो.” मग पदर कंबरेला खोचत ती म्हणाली, “पण आमच्या घरी एकाला लसूण लागतो. माझ्या नवऱ्याला. नऊ वर्षं सुरतेला लूमवर होते. गावी आले की म्हणायचे, याच्यावर लसूण-मिरचीची फोडणी दे, फिकं लागतं. सासूबाई इतक्या चिडायच्या. म्हणायच्या, माझ्या हातचं खाऊन वाढला आणि आता तिथल्या कुठल्या बाईच्या हातचं आठवतं याला. शेवटी मी त्यांच्यापुरती फोडणी वाटीत वेगळी करायला लागले. अजून करते.”

उषाबाई द्रोण हातात धरून उभ्या राहिल्या. धनश्री सासूकडे आणि मिनतीकडे आळीपाळीने बघत होती. तिने पटकन विचारलं, “ते कुठे जेवायचे? कुठल्या मेसमध्ये?”

“काय माहीत. मेसवाली माउसी म्हणायचे. कतारगाम म्हणायचे, कधी कडोदरा म्हणायचे. काम बदलायचं ना.”

“त्यांचं नाव काय?” धनश्रीने विचारलं.

मिनती लाजून मागच्या बाईकडे पाहू लागली. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला सवय नव्हती. मागची बाई सांगणार, तेवढ्यात उषाबाई म्हणाल्या, “नको. राहू दे.” धनश्रीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या मराठीत म्हणाल्या, “कितीतरी मेस आहेत. कितीतरी बाया लसूण टाकतात. तो माझ्याकडचा निघाला तर मी काय बोलू? आणि नाही निघाला तर मला उगाच वाईट वाटेल.”

मग मिनतीकडे वळून त्यांनी सरळ सांगून टाकलं. “मी कडोदऱ्याला मेस चालवते. तुमच्याच भागातली माणसं जेवतात. चोवीस वर्षं मी दालम्यात लसूण टाकते आहे. कुणी शिकवलंच नव्हतं.”

मिनतीने मागच्या दोघींना ओडियात काहीतरी सांगितलं. तळणारी बाई झारा तसाच धरून पुढे आली. तिचं वय सत्तरीच्या जवळ असावं. तिने भाजीवार चौकशी सुरू केली आणि मिनती हिंदीत विचारत गेली. पपई टाकता? टाकते. भोपळा? हो. वांगं? हो. टोमॅटो? कधीमधी. म्हातारीने टोमॅटोला नकारार्थी मान हलवली. तेल कोणतं? शेंगदाण्याचं. म्हातारीने पुन्हा नकारार्थी मान हलवली आणि ती काहीतरी बोलली.

“ती म्हणते, उद्या घेऊन या. खाऊन सांगते,” मिनती म्हणाली.

घरी येताना धनश्री बसमध्ये म्हणाली, “मम्मी, आता तुम्हाला कळलं ना कसा करतात. उद्या तसाच करून न्या. जिऱ्याची पूड मी भाजून देते.”

“त्यांचा त्यांना काय दाखवायचा?” उषाबाई म्हणाल्या. “माझा कसा आहे ते विचारलंय त्यांनी.”

सोमवारी सकाळच्या पंगतीसाठी जो दालमा झाला, त्यातलाच त्यांनी मोठ्या स्टीलच्या डब्यात भरला. कमी नाही, जास्त नाही, लसूण रोजचाच. भाजीवाल्याकडून येताना टोमॅटो आणू नका एवढं मात्र त्यांनी आप्पांना सांगितलं होतं. दुपारी आप्पांना बरोबर घेऊन त्या मेळ्यात गेल्या. गर्दी नव्हती. तिघी बाया स्टॉलच्या मागे चटई टाकून बसल्या होत्या. मिनतीने उषाबाईंनाही बसवलं. आप्पा बाहेर खुर्चीवर बसून राहिले.

म्हातारीने भातात डब्यातला दालमा कालवला, घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. उषाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सासरी पहिल्यांदा स्वयंपाक केला, त्यानंतर कुणाच्या तोंडाकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

म्हातारी बोलली.

“काय म्हणाल्या?”

“म्हणतात, हा दालमा नाही.”

उषाबाईंनी मान डोलावली. त्यांना ते ठाऊक होतं. कुणीतरी तोंडावर सांगितलं, याचं त्यांना उलट हलकं वाटलं. त्या डबा झाकायला लागल्या, तर म्हातारीने हात आडवा घातला आणि आणखी वाढून घेतला. मग द्रोण लावणाऱ्या तिसरीनेही घेतला. मिनतीने शेवटी घेतला. दोन घास खाल्ल्यावर ती थांबली. डाव्या हाताने पदर तोंडाला लावून हसू लागली आणि तिचे डोळे भरून आले.

“मला वाटायचं, कोण बाई असेल ती,” ती म्हणाली. “नऊ वर्षं हे वर्षातून एकदा यायचे. जेवायला बसले की सुरतची आठवण. सासूबाई मला म्हणायच्या, बघ, तिथे कुणी ठेवली असेल. मीही कधीकधी तेच धरून बसायचे. बोलले नाही कधी.” तिने बोटं चाटली. “लसूणच होता फक्त.”

उषाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो गं,” त्या म्हणाल्या. “चाळीस माणसांचा भात असतो.”

त्यावर मिनती मोठ्याने हसली, आणि तिने भाषांतर करून सांगितल्यावर म्हातारीही हसली. बाहेर आप्पांनी मान वळवून पाहिलं.

डबा रिकामा झाला. मग मिनतीने जिरं आणि लाल मिरची तव्यावर कोरडी भाजून दाखवली. कितपत काळपट होऊ द्यायची, कधी उतरवायची. पूड शेवटी, पातेलं खाली उतरल्यावर टाकायची, उकळीत नाही. नारळ खोवूनच घ्यायचा, वाटायचा नाही. उषाबाईंना लिहायची सवय नव्हती. त्या प्रत्येक गोष्ट एकदा मोठ्याने म्हणून बघत होत्या. मिनतीने विचारलं, “आणि तुमची फोडणी? मी करते त्यात ते म्हणतात, तशी नाही झाली.” उषाबाईंनी सांगितलं, लसूण कापायचा नाही, सालीसकट ठेचायचा, आणि तेलात आधी लसूण, मग मिरची. मिरची आधी टाकली तर ती जळते आणि लसूण कच्चा राहतो. मिनती म्हणाली, “मी मिरची आधी टाकत होते.”

मेळा संपायच्या आदल्या दिवशी मिनतीने धनश्रीच्या मोबाइलवर फोन करून निरोप घेतला. मेसवर यायला जमलं नाही म्हणाली.

गुरुवारी उषाबाईंनी मेसमध्ये मिनतीच्या पद्धतीचा दालमा केला. गुरुवार त्यांनी मिनतीच्या सांगण्यावरून धरला. ओडिशात तो लक्ष्मीचा वार, घरात लसूण-कांदा नसतो. कुणाला आधी काही सांगितलं नाही. धनश्रीने पूड भाजली, आप्पांनी दोन नारळ खोवले. पंगत बसली. उषाबाई वाढून पडवीच्या दारात उभ्या राहिल्या.

तरुण पोरांपैकी एकाने दोन घास खाऊन विचारलं, “माउसी, आज लसूण संपला का?” दुसरा म्हणाला, “तब्येत बरी नाही का तुझी?” ही पोरं मिसरूड फुटायच्या आत गाव सोडून आलेली, उषाबाईंच्याच हातचं जेवून मोठी झालेली. त्यांना हे फिकं लागत होतं. पण कोपऱ्यात बसलेली वयस्कर माणसं बोलत नव्हती. बैरागीने घास तोंडाशी नेला, हुंगला आणि परत ताटात ठेवला. मग सावकाश खाल्ला. पंगत उठली तरी तो बसून होता.

उषाबाई त्याच्यासमोर जाऊन बसल्या. “आता सांग. आईसारखा झालाय का?”

“आई जाऊन अकरा वर्षं झाली, माउसी,” तो म्हणाला. “हो. तसाच आहे.”

“मग तेव्हा खोटं का बोललास?”

बैरागी ताटात बोट फिरवत राहिला. “तेव्हा नाही म्हटलं असतं तर तू करायचं बंद केलं असतंस. आमची भीती ती होती. चवीचं काय, डाळीत भाजी होती, गरम होती, आणि तू चौकशी करून करत होतीस. आम्ही आपसात ठरवलं होतं, कुणी काही बोलायचं नाही.”

“सगळ्यांनी?”

“सातांनी. पुढच्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटतं दालमा असाच असतो.”

चोवीस वर्षं सात पोरांनी एक गोष्ट सांभाळली होती, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. त्यांना राग यायला हवा होता असं नंतर धनश्री म्हणाली. पण त्यांना राग आला नाही. त्यांनी उठून बैरागीच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

आता गुरुवारी एक दालमा होतो आणि इतर दिवशी दुसरा. गुरुवारी शेजारच्या चाळीतलीही चार-पाच वयस्कर माणसं येतात. तरुण पोरं कुरकुरत जेवतात. त्यांच्यासाठी आप्पांनी एका वाटीत लसणाची फोडणी वेगळी ठेवायची का, असं विचारलं होतं. उषाबाई नाही म्हणाल्या. एक दिवस आईच्या हातचं जेवा, म्हणाल्या.

आणि पूर्वी ती वयस्कर माणसं जेवताना मुकाट असायची, तशी आता गुरुवारी नसतात. एक म्हणतो, आमच्याकडे यात अळकुड्या घालतात. दुसरा म्हणतो, छे, अळकुड्या घातल्या की चिकट होतं. तिसऱ्याची आई मुगाची डाळ घ्यायची, तुरीची नाही. दोन माणसांचं त्यावरून एकदा चांगलंच वाजलं. उषाबाई पळी घेऊन उभ्या राहून ऐकतात. सगळ्यांचं ऐकतात, पण करतात आपल्याला पटेल तेच. मागच्या गुरुवारी त्यांनी थोड्या अळकुड्या घालून पाहिल्या. चिकट झालं नाही.